अहवाल म्हणजे निकाल नव्हे

यंत्र जे दाखविते आणि मनुष्य त्यातून जे वाचतो, या दोहोंमध्ये नेहमीच काही अंतर असते. हे अंतर विसरण्याची खोड अशिक्षितांपेक्षा सुशिक्षितांनाच अधिक जडलेली आहे, असे आमचे मत आहे. आणि त्याचा पुरावा पाहावयाचा असेल तर आपल्या पांढरपेशा घरांत गरोदर स्त्रीचा सोनोग्राफीचा अहवाल कसा वाचला जातो, एवढेच पाहावे. आमच्या आज्यांच्या काळी मूल जन्मले म्हणजे त्याची पत्रिका मांडीत. आज मूल जन्मण्यापूर्वी चार-पाच महिने आधीच त्याची पत्रिका घरात येते. ती इंग्रजीत असते, तिच्यासोबत चित्रे असतात, खाली पदवीधर डॉक्टरांची सही असते, आणि म्हणूनच तिचा अर्थ दुसऱ्या कोणाला विचारावा असे कोणाच्या मनात येत नाही. जुन्या पत्रिकेत वाईट योग निघाला तर शांत करून लोक स्वस्थ बसत. नव्या पत्रिकेत वाईट योग निघाला म्हणजे दोन रात्रींच्या आत घरात निकाल लागलेला असतो.

प्रस्तुत लेखात गर्भाच्या सर्वच दोषांचा विचार करावयाचा नाही. मेंदूच्या मध्यरेषेवरील जन्मजात दोष, आणि त्यांचे सोनोग्राफीने होणारे निदान, एवढाच विषय आम्ही घेतला आहे. तो घेण्याचे कारण असे की, यंत्राला जे दिसते आणि त्यावरून मुलाच्या पुढील आयुष्याविषयी जे सांगता येते, यांमधील दरी येथे फारच रुंद आहे. या दरीच्या काठावर दोन पक्ष उभे आहेत. एक पक्ष म्हणतो, 'मेंदूतच दोष आहे ना? मग विचार कसला करावयाचा? मोकळे व्हा.' दुसरा पक्ष म्हणतो, 'देवाने दिले ते पदरात घ्यावे. भ्रूणहत्येचे पातक माथी घेऊ नये.' हे दोन पक्ष एकमेकांशी कितीही भांडोत, एका बाबतीत ते सख्खे भाऊ आहेत. अहवालात नेमके काय लिहिले आहे हे समजून घेण्याची निकड दोघांनाही वाटत नाही, आणि जिच्या उदरात तो गर्भ आहे तिला काय वाटते हे विचारण्याची गरजही दोघांना भासत नाही. आम्ही वैद्य नव्हे, अध्यापक आहो. परंतु शब्दाचा अर्थ न लावता त्यावरून अनुमान काढणे हा अपराध आहे, हे सांगण्याचा अधिकार अध्यापकाला निश्चित आहे; आणि येथे त्या अपराधाची शिक्षा तिसऱ्याच कोणाला भोगावी लागते, म्हणून तो सांगणे हे कर्तव्यही आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मनुष्याचा मेंदू उजव्या व डाव्या अशा दोन अर्धगोलांचा बनलेला असतो. या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा एक जाड पट्टा मध्यभागी असतो. त्यास वैद्यकात कॉर्पस कॅलोझम म्हणतात. आपण त्याला सेतू म्हणू. या सेतूतून सुमारे २० कोटी तंतू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास हे तंतू मध्यरेषा ओलांडू लागतात, आणि साधारणतः १८ ते २० आठवड्यांपर्यंत सेतूची आकृती पुरी होते; त्याची वाढ मात्र जन्मानंतरही कित्येक वर्षे चालूच राहते. काही गर्भांत हा सेतू मुळीच बनत नाही, काहींत तो अर्धवट बनतो. काही हजार जन्मांमागे एखाद्या मुलात हा दोष आढळतो. म्हणजे तो दुर्मिळ खरा, परंतु मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कोणत्याही अनुभवी सोनोग्राफीतज्ज्ञाने पाहिलेला नाही इतका दुर्मिळ नव्हे.

आता तो दिसतो कसा? ग्लासगो येथील इयन डोनाल्ड या प्रसूतिशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५८ साली ध्वनिलहरींच्या साहाय्याने उदराच्या आतील चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हापासून या विद्येने फार मोठी मजल मारली आहे. तथापि आजही गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात जी नेहमीची तपासणी होते, तीत गर्भाचे डोके बहुधा आडव्या छेदात पाहतात. आणि आडव्या छेदात हा सेतू सरळ दिसतच नाही. त्याच्या अस्तित्वाचा अंदाज आजूबाजूच्या खुणांवरून करावा लागतो. सेतूच्या खाली पुढील बाजूस द्रवाने भरलेली एक लहान पोकळी असते, ती दिसली नाही म्हणजे शंका येते. मेंदूतील पाण्याच्या कप्प्यांचा मागचा भाग फुगून अश्रूच्या थेंबासारखा दिसू लागला, म्हणजे शंका बळावते. सेतू प्रत्यक्ष पाहावयाचा तर नाकाच्या रेषेतून जाणारा उभा छेद घ्यावा लागतो. त्यासाठी गर्भाची स्थिती अनुकूल लागते, पुष्कळदा योनीमार्गे तपासणी करावी लागते, आणि मुख्य म्हणजे ते काम येणारा हात लागतो. अर्धवट बनलेला सेतू तर पहिल्या तपासणीत निसटूही शकतो. आणि उलट, शंका आलेली असता नीट पाहिल्यावर सेतू जागच्या जागी आढळल्याचीही उदाहरणे घडतात. सारांश, पहिल्या अहवालातील वाक्य हे पुढील शोधाचे आमंत्रण असते. आमच्या घरांत मात्र तेच शोधाचे अंतिम फळ मानले जाते.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. 'मध्यरेषेचा दोष' हा एक शब्दप्रयोग असला, तरी तो एक रोग नव्हे. त्याच्या एका टोकाला होलोप्रोसेन्सेफली नावाची विकृती आहे. तीत पुढचा मेंदू दोन अर्धगोलांत विभागलाच जात नाही. तिच्या सर्वांत तीव्र प्रकारात मेंदूत एकच मोठी पोकळी राहते, चेहऱ्याची मध्यरेषाही बिघडते, दोन डोळे एकमेकांजवळ येतात किंवा क्वचित् एकच डोळा बनतो. आणि असे मूल जन्मले तरी बहुधा फार काळ जगत नाही. हा तीव्र प्रकार चांगल्या तपासणीत १२-१३ आठवड्यांतही ओळखता येतो, आणि त्याच्या परिणामाविषयी वैद्यकात फारसा मतभेद नाही. तेथे मातापित्यांना स्पष्ट शब्दांत सत्य सांगणे हीच दया होय. दुसऱ्या टोकाला आहे तो केवळ सेतूचा अभाव, ज्यासोबत दुसरा कोणताही दोष सापडत नाही. अशा मुलांविषयी जो अभ्यास आजवर झाला आहे त्याचा निष्कर्ष असा, की त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश मुलांची वाढ सामान्य मर्यादेत होते. काहींना शिकण्यात, बोलण्यात किंवा चार माणसांत वावरण्यात अडचणी येतात. आणि थोड्यांना तीव्र अपंगत्व येते. कित्येक प्रौढ स्त्री-पुरुषांना तर, डोकेदुखीसारख्या दुसऱ्याच कारणासाठी मेंदूची तपासणी केली तेव्हा, आपल्या डोक्यात हा सेतू नाही हे प्रथम कळले. या दोन टोकांना एकाच शब्दाने संबोधून एकाच मापाने मोजणे, म्हणजे पडसे आणि क्षय या दोहोंना 'छातीचा विकार' म्हणून सारखेच औषध देण्यासारखे आहे.

मेंदूचे अर्धगोल तोडूनही मनुष्य चालतो, बोलतो, विचार करतो, हे रॉजर स्पेरी याने अपस्मारासाठी सेतू छेदलेल्या रोग्यांच्या अभ्यासावरून दाखविले, आणि १९८१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील किम पीक (१९५१ ते २००९) याच्या मेंदूत हा सेतू जन्मतःच नव्हता. त्याला सदऱ्याची बटणे लावणे कठीण जाई, वडिलांच्या मदतीवाचून त्याचा दिवस पार पडत नसे; आणि वाचलेली हजारो पुस्तके त्याच्या स्मरणात होती. त्याच्या भेटीवरून स्फूर्ती घेऊन 'रेन मॅन' हा चित्रपट १९८८ साली निघाला. हे उदाहरण देण्यात आमचा हेतू असा मुळीच नाही की, सेतू नसलेले प्रत्येक मूल अलौकिक निपजते. तसे सांगणे ही दुसऱ्या प्रकारची फसवणूक होईल. आम्हाला एवढेच दाखवावयाचे आहे की, मेंदूतील एका अवयवाच्या अभावावरून मनुष्याचे सगळे आयुष्य वाचता येत नाही. ज्याचे बटण लागत नाही त्याच्या डोक्यात ग्रंथालय असू शकते, आणि ज्याच्या डोक्यात ग्रंथालय आहे त्याला जन्मभर सोबत लागू शकते.

यावर पहिला पक्ष म्हणेल, 'ठीक आहे. परंतु चारांत एकाला जरी त्रास होणार असेल तर तो धोका पत्करावा कशाला?' हा प्रश्न तुच्छतेने झिडकारण्याजोगा नाही. चारांत एक हा धोका लहान नव्हे, आणि ज्याला त्याचा भार वाहावयाचा नाही त्याने तो लहान म्हणू नये. परंतु हा प्रश्न विचारणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक अशी की, हा धोका आहे तेवढ्यावर थांबत नाही. तो कमी-अधिक ठरविण्याची साधने आज उपलब्ध आहेत. गर्भाची एम. आर. आय. तपासणी केल्यास मेंदूच्या घड्यांतील किंवा रचनेतील असे दोष सापडू शकतात, की जे सोनोग्राफीला दिसले नव्हते. गर्भजलाच्या तपासणीने गुणसूत्रांतील दोष कळू शकतात. सोबत दुसरा दोष सापडला तर भाकीत पुष्कळ वाईट होते. न सापडला तर पुष्कळ सुधारते. म्हणजे तपासणीपूर्वीचा 'चारांत एक' आणि तपासणीनंतरचा 'चारांत एक' हे दोन भिन्न आकडे आहेत. हा भेद समजून न घेता जो निर्णय घेतो, तो धोका टाळीत नसून डोळे मिटून फासा टाकीत असतो. दुसरी गोष्ट अशी की, हा प्रश्न विचारणारा बहुधा गर्भवती स्वतः नसतो. सासरे असतात, थोरले दीर असतात, कधी परगावचे मामा असतात. आणि त्यांच्या धोक्याच्या कल्पनेत मुलाच्या सुखदुःखापेक्षा दुसरीच एक काळजी दडलेली असते. 'घराण्यात असे मूल आहे हे कळले तर धाकटीचे लग्न जमेल काय?' ही ती काळजी होय. ती कोणी उघड बोलत नाही. परंतु घरातील दिवाणखान्यात बसणाऱ्या न्यायमंडळावर तिचा केवढा दाब असतो, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

आणि दोष निघाला की त्याचे खापर फोडावयाचे कोणावर, हेही ठरलेले असते. 'ग्रहणात भाजी चिरली होती का? संध्याकाळी दाराबाहेर बसली होती का?' असे प्रश्न विज्ञानाच्या पदव्या घेतलेल्या घरांतही अद्याप ऐकू येतात. वस्तुतः मध्यरेषेच्या विकृतीचे एक कारण शास्त्रज्ञांनी किती चिकाटीने शोधले, याची कथा मनन करण्याजोगी आहे. अमेरिकेच्या आयडाहो प्रांतात एके काळी मेंढ्यांना एकाच डोळ्याची कोकरे होत. अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर असे आढळले की, गाभण मेंढीने चौदाव्या दिवसाच्या सुमारास रानातील एक विशिष्ट विषारी वनस्पती खाल्ली तर असे घडते. कारण म्हणतात ते असे असते: त्याला पदार्थ असतो, दिवस असतो, आणि ते पुन्हा तपासून पाहता येते. मनुष्याच्या बाबतीत होलोप्रोसेन्सेफलीचा संबंध काही जनुकांशी, गुणसूत्रांच्या दोषांशी, आणि गर्भधारणेच्या आरंभी काबूत नसलेल्या मधुमेहाशी आढळला आहे. मधुमेह आपल्या समाजात किती पसरला आहे हे सर्वजण जाणतात. ग्रहणात सुरी लपवून ठेवणाऱ्या घराने सुनेची साखर गरोदरपणापूर्वी तपासून घेतली असती तर त्या सावधगिरीला काही अर्थ तरी होता! पुष्कळ गर्भांच्या बाबतीत तर कोणतेच कारण सापडत नाही. आणि जेथे कारण सापडत नाही तेथे आईला आरोपी करणे हा शुद्ध दुष्टपणा आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. भ्रूणहत्येचे पातक दाखविणारी मंडळी स्वतःस दयेचे पुरस्कर्ते समजतात. त्यांना आम्ही एकच प्रश्न विचारू इच्छितो: मूल जन्मल्यानंतर तुमची दया कोठे जाते? आकडी येणाऱ्या, पाच वर्षांचे होऊनही न बोलणाऱ्या मुलाला घेऊन आई एकटी रुग्णालयाच्या रांगेत उभी असते, तेव्हा ही मंडळी दिसत नाहीत. नोकरी सोडावी लागते ती आईला. शाळेच्या दारातून परत फिरावे लागते ते आईला. आपल्यामागे याचे कसे होईल या चिंतेने रात्र जागून काढावी लागते तीही तिलाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मान्य झाली आहेत आणि शिक्षणाचे हक्क लिहिलेले आहेत. परंतु कायद्याचे पुस्तक मुलाला मांडीवर घेत नाही. जो समाज अशा मुलाच्या वाढीचा भार उचलावयास तयार नाही, त्याला त्याच्या जन्माची सक्ती करण्याचा नैतिक अधिकार नाही, असे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि मातृत्व स्त्रीवर लादलेले नसावे हे मराठीतच मांडले. त्या वादाला आता शंभर वर्षे होत आली; तरीही हा मुद्दा पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागावा, हे आपल्या सुशिक्षितपणाला भूषणावह नाही.

कोणी म्हणेल की, गर्भाच्या दोषावरून गर्भ काढणे आणि मुलगी म्हणून गर्भ काढणे यांत फरक काय? हा आक्षेप गंभीर आहे, आणि महाराष्ट्राला तर तो टाळताच येणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातील पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्यात झाला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. ज्या यंत्राने गर्भाचे प्राण वाचवावयाचे त्याच यंत्राच्या साहाय्याने हे घडले, आणि ते करणारे हात निरक्षरांचे नव्हते. तथापि दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आम्हाला वाटत नाही. मुलगी असणे हा दोष नव्हे. तो दोष समाजाच्या डोळ्यांत आहे. मेंदूची तीव्र विकृती ही मात्र समाज कितीही सुधारला तरी मुलाला व आईला भोगावी लागणारी वस्तू आहे. म्हणून पहिल्या बाबतीत बंदी योग्य आणि दुसऱ्या बाबतीत स्त्रीला मोकळीक योग्य, असे आम्ही मानतो. पण त्या इतिहासातून एक धडा घ्यावयाचाच तर तो असा की, अर्धवट माहिती आणि पुरा पूर्वग्रह यांची गाठ पडली म्हणजे विजय नेहमी पूर्वग्रहाचाच होतो. 'मेंदूत दोष' हे दोन शब्द ऐकताच 'मतिमंद' हा तिसरा शब्द आपोआप जिभेवर येणे, हा त्याच जातीचा पूर्वग्रह होय.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहिली पाहिजे, कारण घाईचे खापर पुष्कळदा कायद्यावर फोडले जाते. १९७१ च्या कायद्याप्रमाणे गर्भपाताची मर्यादा २० आठवड्यांची होती. सेतूची आकृती पुरी होते तीच १८ ते २० आठवड्यांत. म्हणजे दोष दिसावयास आणि दार बंद व्हावयास एकच गाठ पडे. २००८ साली गर्भाच्या हृदयातील दोषासाठी मुंबई उच्च न्यायालयाकडे गेलेल्या एका दांपत्याला परवानगी मिळाली नाही, तेव्हा या मुदतीवर देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे केली. आणि गर्भात गंभीर विकृती असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निदानावरून २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. त्या मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे असाही नियम आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, मेंदूच्या विकृतीच्या प्रकरणांत सुमारे ३३ आठवड्यांच्या गर्भाबाबत, मंडळाचे मत प्रतिकूल असताही स्त्रीची निवड निर्णायक मानली. याचा अर्थ असा की, विचाराला वेळ नाही ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

परंतु ती सर्वस्वी खोटीही नाही, आणि येथे दोष सरकारकडे जातो. मंडळापुढे जाणाऱ्या स्त्रीला आधी हे ठाऊक नसते की आपला अर्ज मान्य होईल की नाही. केवळ सेतूचा अभाव असेल तर 'ही विकृती पुरेशी गंभीर नाही' असे मंडळ म्हणू शकते; मग न्यायालय, वकील, खर्च, आणि वर्तमानपत्रांतून बोभाटा. ही भीती पोटात असल्यामुळेच पुष्कळ घरे २४ आठवड्यांच्या आत काय तो सोक्षमोक्ष लावून मोकळी होतात. आता गंमत अशी की, मेंदूच्या घड्या गरोदरपणाच्या उत्तरार्धात स्पष्ट होत जातात. म्हणजे जितके थांबावे तितके एम. आर. आय.चे चित्र अधिक बोलके होते. थांबण्याची मुभा खात्रीची असती तर काही स्त्रिया थांबल्या असत्या. दुसरा दोष नाही असे पाहून त्यांपैकी काहींनी गर्भ ठेवलाही असता. कायद्यातील अनिश्चितता गर्भाचे रक्षण करीत नाही. ती घाबरलेल्या घरांना घाईने निर्णय घ्यावयास लावते. भ्रूणहत्येच्या नावाने मुदतीचा आग्रह धरणाऱ्यांनी याचा विचार करावा. शिवाय या मंडळावर स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीतज्ज्ञ असणे कायद्याने आवश्यक आहे. मेंदूच्या प्रश्नावर निकाल देताना बालमेंदूविकारांचा तज्ज्ञ असलाच पाहिजे असे मात्र कायदा म्हणत नाही. पुलाच्या बळकटीविषयी मत द्यावयाचे आणि समितीवर स्थापत्यशास्त्रज्ञ ऐच्छिक ठेवावयाचा, असा हा प्रकार आहे!

मग करावयाचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पहिल्या तपासणीत मध्यरेषेविषयी शंका आली तर 'दोष आहे' असे न लिहिता 'अधिक तपासणी आवश्यक' असे डॉक्टरांनी स्पष्ट लिहावे, आणि ते मराठीत समजावून सांगावे. उभ्या छेदात सेतू पाहू शकणाऱ्या तज्ज्ञाकडे त्या स्त्रीला पाठवावे; गरजेप्रमाणे एम. आर. आय. आणि गर्भजलाची तपासणी व्हावी. ही साधने आज मोठ्या शहरांत आणि पैशाच्या जोरावरच मिळतात. ती जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालयात मिळाली पाहिजेत, नाहीतर पुण्यातील सुनेचा निर्णय ज्ञानाने होईल आणि गडचिरोलीतील सुनेचा भीतीने. निर्णयापूर्वी बालमेंदूविकारांच्या तज्ज्ञाशी मातापित्यांची भेट घडवावी. आणि त्याने आकडे दोन्ही बाजूंनी सांगावेत. 'चारांत एकाला त्रास होतो' आणि 'चारांत तिघे बरे निघतात' ही दोन वाक्ये गणिताने एकच असली तरी ऐकणाऱ्याच्या मनावर एकच परिणाम करीत नाहीत. जो त्यांपैकी एकच सांगतो तो सल्ला देत नसून निर्णय देत असतो. शक्य तेथे असे मूल वाढविणाऱ्या कुटुंबाशी त्यांची गाठ घालून द्यावी, म्हणजे अंधारातील भुतांऐवजी दिवसाच्या उजेडातील अडचणी त्यांना दिसतील.

आणि सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत आधी करावयाची गोष्ट: त्या स्त्रीशी डॉक्टरांनी एकटीशी बोलावे. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला कायदा केवळ तिचीच संमती मागतो. नवऱ्याची नाही, सासूची नाही, थोरल्या काकांची तर नाहीच नाही. ही गोष्ट आपल्या घरांत किती जणांना ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक आहे त्यांपैकी किती जण ती सुनेला सांगतील? नवऱ्याने तिच्याजवळ बसावे, तिचे ऐकावे, हवे तर तिच्यासोबत रडावे. परंतु तिच्या वतीने 'आम्ही ठरविले आहे' असे डॉक्टरांना सांगू नये. हा नियम दोन्ही दिशांनी लागू आहे. तिने गर्भ ठेवावयाचे ठरविले तर 'पुढे आमच्या नावाने रडू नकोस' असे बजावणारे घर, आणि तिने गर्भ काढावयाचे ठरविले तर जन्मभर तिच्याकडे खुनी म्हणून पाहणारे घर, ही दोन्ही घरे आमच्या दृष्टीने सारखीच दोषी आहेत.

आमच्या या म्हणण्याने पहिल्या पक्षाला आम्ही भाबडे वाटू आणि दुसऱ्याला निर्दय वाटू, याची आम्हाला कल्पना आहे. त्याला इलाज नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर खरोखरच अनिश्चित आहे, त्याचे निश्चित उत्तर देणारा प्रत्येकजण आपली सोय पाहत असतो: डॉक्टर आपली जबाबदारी टाळीत असतो, घर आपली अब्रू राखीत असते, आणि धर्माभिमानी आपले पुण्य जोडीत असतो. अनिश्चितता अंगावर घेऊन पुढील आयुष्य काढावयाचे ते एकट्या आईला. तिला पुरे ज्ञान, पुरेसा वेळ आणि ठरविल्यावर पाठीशी उभे राहणारे घर, एवढे जरी आपण देऊ शकलो, तरी शिक्षणाने आपल्याला काही शिकविले असे म्हणता येईल. ते देता येत नसेल, तर निदान तो इंग्रजी अहवाल तिच्या हातात द्यावा आणि आपण दिवाणखान्यातून उठून जावे.